बर्फातले रिज्क



चांद्र वर्ष दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. असे सरकत सरकत ईदुल अझहा आता ऐन उन्हाळ्यात येऊन पोहोचली आहे. जामनेरचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्याचे वर्णन ऐकवण्याची गरज नाही. कांग नदीचे पात्र कोरडे पडलेले असते, पारा ४४-४५ अंशांना जाऊन टेकतो, आणि सकाळी कुर्बानी केलेल्या जनावराचे मांस दुपारपर्यंत उघड्यावर ठेवण्याची सोय राहत नाही. त्यामुळे ईदच्या आठवडाभर आधी घरोघरी फ्रिज रिकामा करून पुसून घेतला जातो. ज्यांच्याकडे फ्रिज नाही ते शेजाऱ्यांकडे एखादा कप्पा सांगून ठेवतात. या दिवसांत थंडी ही आपल्याला अल्लाहतआलाची मोठी देणगी वाटते, आणि ती आहेच.

परंतु थंडीविषयी आपल्या मनात एक समज घट्ट बसलेला आहे. जिथे पुरेशी थंडी तिथे काही सडत नाही, आणि सडत नाही म्हणजे तिथे काही जिवंतच नाही, असे आपण धरून चालतो. फ्रिजचे दार लावले की आतला काळ थांबला, आता ही वस्तू जशी ठेवली तशी आपल्यासाठी राहणार, अशी आपली खात्री असते. ही खात्री कितपत खरी आहे ते या लेखात पाहायचे आहे. तिचा संबंध जीवशास्त्राशी जितका आहे तितकाच आपल्या कुर्बानीशीही आहे.

सूरह हूदच्या सहाव्या आयतीत अल्लाहतआला सांगतो की, धरतीवर वावरणाऱ्या प्रत्येक जिवाच्या रिज्कची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतलेली आहे. तो जीव कुठे राहतो आणि शेवटी कुठे सोपवला जाणार आहे, हेही त्याला ठाऊक आहे. मदरशात ही आयत शिकताना ‘दाब्बा’ या शब्दाचा अर्थ उस्ताद समजावून देत, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर मुंगी येई, विहिरीतला मासा येई, फार तर दगडाखालचा किडा येई. बर्फ कधी आला नाही. सूरह बकरहच्या २६व्या आयतीत डासाच्या आणि त्याच्याही ‘वरच्या’ वस्तूच्या उदाहरणाचा उल्लेख आहे. हे ‘वरचे’ म्हणजे काय, याविषयी भाष्यकारांचे दोन अर्थ आहेत आणि इब्ने कसीर (रह.) यांनी दोन्ही नोंदवले आहेत. एक अर्थ असा की, डासाहून आकाराने मोठे. दुसरा अर्थ असा की, लहानपणात डासाच्याही वरचे, म्हणजे डासाहूनही क्षुद्र. विद्यार्थी असताना मला हा दुसरा अर्थ केवळ व्याकरणाचा खेळ वाटला होता. डासाहून क्षुद्र असे काय असणार की ज्याचे उदाहरण द्यावे? त्याचे उत्तर मला पुढे विज्ञानाच्या वाचनात मिळाले, आणि ते मिळाले बर्फाच्या प्रदेशात.

त्या बर्फाच्या प्रदेशाशी आपल्या देशाचे नाते एका मुस्लिम शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली जोडले गेले, आणि तेही आपल्या शेजारच्या गोव्यातून. डॉ. सय्यद जहूर कासिम हे त्यांचे नाव. अलाहाबादेत जन्मलेले, अलीगढला शिकलेले हे गृहस्थ गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ हे जहाज निघाले. त्यावर कासिमसाहेबांसह २१ जणांची तुकडी होती. ९ जानेवारी १९८२ रोजी ही तुकडी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणारी भारताची ही पहिली मोहीम. पुढे कासिमसाहेब जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूही झाले. आपल्या घरांतील मुलांना क्रिकेटच्या अख्ख्या संघाची नावे पाठ असतात. हे एक नाव त्यांत घालायला जागा निघावी.

या मोहिमांनी वाट उघडून दिल्यावर आपल्या देशातील संशोधकांना तिथली माती, पाणी आणि बर्फ मिळू लागला. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील एस. शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातील शिर्माखर ओअॅसिस या भागातील मातीतून एक नवीन जीवाणू वेगळा केला आणि १९९२ साली त्याला अंटार्क्टिकाचेच नाव दिले. भारताचे मैत्री हे संशोधन केंद्र याच भागात आहे. जी माती पाहून आपण म्हणू की इथे काय उगवणार, त्या मातीच्या चिमटीत वस्ती होती. जगात इतरत्रही हेच आढळले आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील कायम गोठलेल्या जमिनीत सापडलेला एक जीवाणू उणे १५ अंश सेल्सिअसलाही वाढतो आणि त्याची संख्या दुप्पट-चौपट होत राहते. आपल्या घरातील डीप फ्रीजर साधारणपणे उणे १८ अंशांवर चालतो, हे इथे लक्षात ठेवावे.

हे जीव जगतात कसे? ही सगळी व्यवस्था मला आपल्या स्वयंपाकघरातल्या दाखल्यांनीच समजली, म्हणून तशीच सांगतो.

डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजून पांढरी होते, पण शेजारीच ठेवलेले शेंगदाण्याचे तेल पातळ राहते. प्रत्येक जिवंत पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे एक नाजूक पटल असते. थंडीत ते खोबरेलासारखे थिजले तर आत-बाहेर ये-जा बंद पडते आणि पेशी संपते. जळगावकरांना याचा पुरावा नव्याने द्यायला नको. केळी फ्रिजमध्ये ठेवली की काळी पडतात, ती याच कारणाने: त्यांच्या पेशींची पटले थंडीत बिघडतात. हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली गेला की रावेर-यावलच्या बागांमध्ये केळीची वाढ अडते आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. इतकी मोठी केळ जे करू शकत नाही ते डोळ्यांना न दिसणारा जीवाणू करतो. थंडी जाणवताच त्याच्यातील काही प्रथिने पटलातील स्निग्ध पदार्थांची रचना बदलतात, आणि थिजणाऱ्या तेलाचे न थिजणारे तेल व्हावे तसे ते पटल पुन्हा लवचिक होते.

दुसरी अडचण याहून बिकट आहे. पेशीत कोणते प्रथिन बनवायचे याचा संदेश आरएनए नावाच्या एका लांब धाग्यावर लिहिलेला असतो, आणि तो धागा सरळ असेल तरच वाचता येतो. ईदच्या शेवया गरम असताना मोकळ्या असतात आणि थंड झाल्या की एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. थंडीत या धाग्याचेही तसेच होते: तो स्वतःलाच चिकटतो, गुंता होतो आणि संदेश वाचला जात नाही. अशा वेळी जीवाणू जे प्रथिन तयार करतो त्याला शास्त्रज्ञ शीतधक्का प्रथिन म्हणतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत अमेरिकेतील मासायोरी इनौये यांच्या गटाने १९९० साली याचा शोध लावला. ३७ अंशांच्या उबेतून त्या जीवाणूला एकदम १० अंशांत टाकले की तो वाढायचा थांबतो. त्याची बहुतेक कामे बंद पडतात. मात्र त्या थांबलेल्या काही तासांत हे एक छोटेसे प्रथिन, अवघ्या ७० अमिनो आम्लांचे, तो भराभर बनवू लागतो. इतके की त्या वेळी पेशीत बनणाऱ्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे १३ टक्के वाटा या एकट्याचा असतो. हे प्रथिन धाग्याला बिलगून त्याचा गुंता होऊ देत नाही. वाचन पुन्हा सुरू होते, थांबलेली कामे एकेक करून चालू होतात आणि जीवाणू त्या थंडीत वाढू लागतो.

आता एक प्रश्न उरतो. कोणताच संदेश वाचता येत नसेल तर या प्रथिनाचा स्वतःचा संदेश कसा वाचला जातो? मी हे वाचताना इथेच थबकलो होतो. त्याचे उत्तर असे की, त्याच्या संदेशाचा धागाच वेगळ्या घडीचा आहे. उबेत तो टिकत नाही, लगेच नष्ट होतो; गारठा पडला की त्याची घडी बदलते, तो टिकतो आणि अधिक सहज वाचला जातो. म्हणजे संकटात उपयोगी पडणारे पत्र संकट आल्यावरच उलगडेल, अशी त्याची रचना आहे. या प्रथिनाशी मिळताजुळता भाग माणसाच्या शरीरातील काही प्रथिनांमध्येही आढळतो.

हैदराबादच्याच केंद्रात एम. के. रे यांच्या गटाने अंटार्क्टिकातील आणखी एका जीवाणूवर काम केले. त्यात असे दिसले की, वापरून झालेले आणि बिघडलेले धागे तोडून साफ करणारे एक विशिष्ट प्रथिन काढून घेतले, तर हा जीवाणू ४ अंशांच्या थंडीत वाढूच शकत नाही. थंडीत केवळ नवे घडवून भागत नाही, जुने वेळेवर निकाली काढावे लागते. दक्षिण ध्रुवाकडील एका जीवाणूपाशी तर असे अजस्र प्रथिन आहे की त्याच्या एका टोकाने तो बर्फाला धरून लटकतो, म्हणजे तो उजेड आणि प्राणवायू असलेल्या वरच्या पाण्यातच राहतो, खाली बुडत नाही. सूरह हूदमधील राहण्याचे ठिकाण ठाऊक असण्याचा उल्लेख हे वाचताना मला पुन्हा आठवला.

याच्या उलट काम करणारी प्रथिनेही आहेत. झाडांच्या पानांवर राहणाऱ्या एका जीवाणूच्या अंगावरील प्रथिनामुळे पाणी लवकर गोठते. अतिशुद्ध पाण्याचे थेंब उणे ३५ अंशांच्याही खाली न गोठता राहू शकतात. हा जीवाणू ते उणे २ अंशांच्या आसपासच गोठवतो. गारांच्या गाभ्यातही जीवाणू सापडले आहेत. हे कळताच एखादा उत्साही बंधू सूरह नूरमधील गारांचा उल्लेख असलेली ४३वी आयत त्याला जोडून, हे तर चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले होते, असा मजकूर मोबाइलवर फिरवू लागेल. माझी कळकळीची विनंती आहे की असे करू नये. दिव्य कुरआनात कोणत्याही प्रथिनाचे नाव नाही, आणि ते नसल्याने त्याला काहीही उणेपणा येत नाही. विज्ञान आपले म्हणणे पुराव्यानिशी सुधारत जाते. आज आपण आयतीला जे चिकटवू ते उद्या निघाले, तर आपल्या मुलांच्या श्रद्धेला ओरखडा पडेल आणि त्याला जबाबदार आपण असू. आयत आपल्याला पाहायला सांगते, विचार करायला सांगते. पाहण्याचे कष्ट मात्र कासिमसाहेबांसारख्यांनी जहाजावर आणि हैदराबादच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत घेतले. त्या कष्टांचे श्रेय त्यांना देणे हेही प्रामाणिकपणातच मोडते.

आता आपल्या फ्रिजकडे येऊ.

अंटार्क्टिका दूर आहे, पण त्या जीवाणूंचे भाऊबंद आपल्या घरात आहेत. थंड मांसावर चिकट थर येतो, आंबूस वास सुटतो, तो बहुधा स्यूडोमोनास कुळातील जीवाणूंमुळे, आणि वर सांगितलेला रे यांच्या गटाचा जीवाणू याच कुळातला. लिस्टेरिया नावाचा जीवाणू ४ अंशांतही सावकाश वाढत राहतो, आणि त्याच्यापाशीही शीतधक्का प्रथिने आहेत. गरोदर स्त्रियांना त्याचा विशेष धोका असतो, गर्भपातही होऊ शकतो. वृद्धांनाही तो भारी पडतो. पूर्ण शिजवल्याने तो मरतो. परंतु शिजवून पुन्हा थंडीत ठेवलेला आणि नीट न तापवता खाल्लेला पदार्थ त्याला पुरतो. डीप फ्रीजरमध्ये यांची वाढ थांबते, पण त्यांतले पुष्कळ मरत नाहीत. बर्फ वितळला की ते पुन्हा कामाला लागतात. त्यात ईदच्या दिवशी आपण गरम मांसाच्या मोठमोठ्या पिशव्या एकावर एक ठासून भरतो. मधल्या पिशवीपर्यंत थंडी पोहोचायला कितीतरी तास लागतात. मांस लहान वाट्यांमध्ये, पसरून, मधे हवेला जागा ठेवून लावावे. वितळवायचे ते बाहेर ओट्यावर न ठेवता खालच्या कप्प्यात वितळवावे आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. इतके पाळले तर पुष्कळ आजार टळतील.

मात्र मूळ प्रश्न इतके साठवायचे कशाला, हा आहे.

हजरत आयेशा (रजि.) आणि हजरत सलमा बिन अकवा (रजि.) यांच्या कथनांवरून बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत एक प्रसंग आला आहे. एका वर्षी ईदच्या सुमारास वाळवंटातील भुकेली कुटुंबे मदीनेत येऊन पोहोचली. आदरणीय प्रेषित (स.) यांनी त्या वर्षी कुर्बानीचे मांस तीन दिवसांपलीकडे घरात ठेवण्यास मनाई केली. त्या काळी फ्रिज नव्हता, पण मांस टिकवण्याची कला होती; पट्ट्या कापून, मीठ लावून, उन्हात वाळवून ते महिनोन्महिने ठेवत. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले की, यंदाही तसेच करायचे काय? तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, खा, खाऊ घाला आणि साठवाही, गेल्या वर्षी लोक अडचणीत होते आणि तुम्ही त्यांच्या मदतीला यावे असे मला वाटत होते.

याचा अर्थ साठवण करणे जायज आहे. तीन वाटे करणे हेही मुस्तहब आहे, बंधनकारक नाही. मोठे कुटुंब असेल तर सगळे मांस घरी ठेवले तरी कुर्बानी होते. हा मसला मी कमी-जास्त करून सांगणार नाही. परंतु इमाम शाफई (रह.), कोकणातील आपले बांधव ज्यांच्या मार्गाने चालतात, त्यांनी आपल्या ‘अर-रिसाला’ या ग्रंथात या हदीसविषयी एक शक्यता मांडली आहे. ती अशी की, मनाईचे कारण भुकेल्यांचे येणे हे होते. म्हणून जेव्हा तसे भुकेले येतील तेव्हा ती मनाई पुन्हा लागू होईल, आणि नसतील तेव्हा मोकळीक राहील. आपण हनफी असलो तरी या विचाराने अस्वस्थ व्हायला हरकत नाही. कारण मग प्रश्न असा होतो की, आपल्या गावात भुकेले आलेले आहेत की नाहीत, आणि हे आपण पाहिले आहे की नाही?

मी पाहिले नव्हते. मागच्या वर्षी ईदच्या खुतब्यात मी तीन वाट्यांविषयी बोललो, घरी येऊन तीन वाटे केलेही. नातेवाइकांचा वाटा नातेवाइकांकडे गेला. गरिबांचा वाटा म्हणून जो होता तो गल्लीत वाटला गेला, आणि आता आठवतो तर त्यातील बहुतेक घरांत स्वतःची कुर्बानी झालेली होती. त्यांच्याकडून तितकेच आमच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी असरनंतर एक वृद्ध बाई दारात उभ्या राहिल्या. हंगामात कापूस वेचून आणि एरवी धुणीभांडी करून त्या पोट भरतात. त्यांनी विचारले, “मौलाना, काही उरलं आहे का?”

मी म्हणालो, “खाला, सगळं वाटून झालं.”

मी खोटे बोललो नव्हतो. माझी तशीच समजूत होती. आमचा वाटा आणि गल्लीतून आलेले मांस पिशव्यांमध्ये बांधून फ्रीजरमध्ये गेले होते, आणि जे फ्रीजरमध्ये गेले ते ‘उरलेले’ या शब्दात बसत नाही, असे माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकले होते. जूनमध्ये वादळी पावसात वीज गेली ती दुसऱ्या दिवशी आली. मांस वितळले आणि पुन्हा गोठले. आम्हाला त्याचे गांभीर्य कळले नाही. काही दिवसांनी पत्नीने खालच्या दोन पिशव्या काढल्या तेव्हा त्यांना बुळबुळीत थर आला होता आणि वास सहन होत नव्हता. मी त्या घेऊन गेलो आणि खड्डा खणून पुरल्या. माती ओढताना सूरह हूदची तीच आयत माझ्या ओठांवर आली. त्या पिशव्यांतील प्रत्येक जिवाला त्याचे रिज्क पोहोचले होते. वीज गेली, आली, थंडी वाढली, कमी झाली, तरी त्यांच्या वाट्यात खंड पडला नव्हता. ज्या वाट्यासाठी अल्लाहने मला मध्यस्थ नेमले होते, तेवढाच पोहोचला नव्हता.

तिरमिजीत एक हदीस आहे. प्रेषितांच्या (स.) घरी बकरी कापली गेली आणि तिचे मांस वाटण्यात आले. त्यांनी हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले की, काय उरले? त्यांनी सांगितले की, फक्त खांदा उरला आहे. त्यावर प्रेषित (स.) म्हणाले की, खांदा सोडून सगळे उरले आहे. खुतब्यांत ही हदीस मी कितीदा तरी सांगितली असेल.

यंदा आम्ही घरात असे ठरवले आहे की, फ्रीजरचा एकच कप्पा वापरायचा आणि तो भरला की भरला. ज्या घरी कुर्बानी झाली आहे तिथे गोश्त पाठवायचे नाही. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये म्हणून आधीच कळवून टाकायचे. गावाच्या कडेच्या वस्त्यांची, विटभट्ट्यांवर आलेल्या मजुरांची आणि जवळच्या तडवी पाड्यांवरील गरजू घरांची यादी मशिदीतील तरुण मुले करीत आहेत. ईदच्या पहिल्याच दिवशी, जुहरच्या आत, मांस तिथे पोहोचावे असा प्रयत्न आहे, कारण त्या घरांत फ्रिज नाहीत आणि ऊन वाट पाहत नाही. खालांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. मागच्या वर्षीची गोष्ट त्यांना सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या की, या वर्षी सांगा कधी यायचं ते, भांडं मी घेऊन येईन. मी म्हटले, “भांडे नको खाला, मुलगा घरी आणून देईल.” तर म्हणाल्या, “नाही मौलाना, मी येईन. ईदला कुणाच्या घरी जायला बरं वाटतं.”